यंत्र घेण्याआधी विचारायचे प्रश्न : आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन आणि आपला मराठवाडा

तेरणाकाठ (धाग्याची सुरुवात)

धाराशिव जिल्ह्याच्या शासकीय आरोग्य सेवेत मी ३१ वर्षे औषधनिर्माण अधिकारी म्हणून काम केले. या काळात कितीतरी औषधे आणि यंत्रे माझ्या सहीने भांडारात आली, पण त्यांतले एक यंत्र निवृत्तीनंतरही मनातून जात नाही. एका ग्रामीण रुग्णालयाला रक्तातील साखर, युरिया, क्रिएटिनिन तपासणारे पूर्ण स्वयंचलित यंत्र मिळाले होते. खोके उघडले त्या दिवशी स्वच्छता कर्मचाऱ्यांपासून अधीक्षकांपर्यंत सगळे पाहायला जमले. यंत्र चांगलेच होते. मात्र त्यात त्याच कंपनीचे रिएजंट, म्हणजे चाचणीची रसायने, चालत, त्याला वातानुकूलित खोली लागे, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात विजेचा दाब दुपारभर वरखाली होत असे. यंत्राचे पैसे यंत्रसामग्रीच्या लेखाशीर्षातून आले होते, रिएजंटचे पैसे दुसऱ्याच लेखाशीर्षातून यायचे होते, आणि पहिल्या वर्षानंतर ते पुरेसे आलेच नाहीत. अकरा महिन्यांनी यंत्र बंद पडले. पुढे त्याच्यावर निळे कापड आले, कापडावर लसीकरणाची जुनी रजिस्टरे आली, आणि रुग्ण पूर्वीसारखेच चिठ्ठी घेऊन बाहेरच्या लॅबकडे जाऊ लागले.

ती फाइल मी नंतर पुन्हा काढून वाचली. दरपत्रके होती, तुलनात्मक तक्ता होता, मंजुरी होती, सगळे नियमाप्रमाणे होते. एका चाचणीमागे किती खर्च येईल, वर्षाला किती रुग्णांना तिचा उपयोग होईल, आणि याच पैशांत दुसरे काय करता आले असते, हे प्रश्न मात्र त्या फाइलमध्ये कुठेच नव्हते. ते विचारणे कोणाच्याही कामाचा भाग नव्हते, आणि माझ्याही नव्हता, याचे मला आज वाईट वाटते.

हे प्रश्न पद्धतशीरपणे, पुराव्याच्या आधारे आणि खरेदीच्या आधी विचारण्याच्या शास्त्राला आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन म्हणतात. यात तंत्रज्ञान म्हणजे केवळ यंत्र नव्हे. औषध, लस, शस्त्रक्रिया, तपासणीची पद्धत, एवढेच काय, एखाद्या कार्यक्रमाची आखणीदेखील त्यात येते. ब्रिटनने यासाठी १९९९ मध्ये नाइस ही संस्था उभी केली, थायलंडने २००७ मध्ये हायटॅप सुरू केली, आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सर्व देशांनी हे काम हाती घ्यावे असा ठराव केला. भारतात २०१७ पासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य संशोधन विभागात हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया नावाची व्यवस्था आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कोणते भिंग वापरावे, हा तिने सुरुवातीला हाती घेतलेल्या विषयांपैकी एक. छोट्या छेदाची शस्त्रक्रिया आणि न दुमडणारे साधे भिंग ही जोडी आपल्या सार्वजनिक व्यवस्थेसाठी योग्य ठरते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. आपल्याकडच्या शिबिरांत वर्षानुवर्षे हीच शस्त्रक्रिया होत आली आहे आणि लोक तिला कमी प्रतीची समजतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता आपल्या मातीतली गोष्ट. १९९९ च्या अखेरीपासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह चार गटांत वाटून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एका गटाची या रोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप तपासणी, म्हणजे पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, तिसऱ्याची ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाला आपल्या गावांनी दाखवून दिले. जागतिक मार्गदर्शक तत्त्वांच्या चर्चेत हा अभ्यास आजही पुढे ठेवला जातो. असे असताना २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी एकदा तरी झालेल्या फक्त १.९ टक्के आहेत.

पुरावा आपल्या शिवारात तयार झाला आणि निर्णय मात्र त्या निळ्या कापडाखालच्या यंत्रासारखे होत राहिले. हे अंतर कसे मिटेल, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

मांजरा_खोरे

काका, तुमचा लेख दोनदा वाचला. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात माझे शिक्षण झाले आणि सध्या मी जनआरोग्य विषय शिकवतो, म्हणून दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

मूल्यमापनाचा गाभा तुलनेत असतो. नवी पद्धत सध्याच्या पद्धतीपेक्षा किती जास्त खर्च मागते आणि त्या जादा खर्चातून किती जास्त आरोग्य मिळते, एवढे ते विचारते. आरोग्य मोजण्यासाठी गुणवत्ता-समायोजित जीवनवर्ष हे एकक वापरतात, त्याला बोलताना आम्ही क्वाली म्हणतो. पूर्ण आरोग्यात जगलेले एक वर्ष म्हणजे एक क्वाली, आणि अंथरुणाला खिळून काढलेले वर्ष त्याहून कमी. हे कमी म्हणजे किती, ते डॉक्टरांनी ठरवायचे नसते, सामान्य माणसांना विचारून ठरवायचे असते, आणि भारतीय लोकांच्या उत्तरांवरून तयार झालेली मोजपट्टी आता आपल्याकडे आहे. एका क्वालीसाठी देशाने किती रुपये मोजावेत याची थायलंडमधील मर्यादा १ लाख ६० हजार बाथ आहे, आणि ब्रिटनमध्ये अनेक वर्षे २० ते ३० हजार पौंड धरले जात. आपल्याकडचे अभ्यास साधारणपणे दरडोई उत्पन्नाइतकी, म्हणजे दोन लाख रुपयांच्या थोडी पुढची रक्कम मर्यादा धरतात. ही रक्कम आकाशातून पडलेली नाही आणि तिच्यावर वाद व्हायला हवा, असे माझे मत आहे. दुष्काळी जिल्ह्यात सरकारचा एक रुपया दुसरीकडे वळला तर काय बुडते, हे दिल्लीतल्या सरासरीवरून कळत नाही.

आता तुमच्या कर्करोगाच्या उदाहरणाकडे येतो, कारण ते वरवर दिसते त्यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. उस्मानाबादच्या अभ्यासात डोळ्यांनी केलेल्या तपासणीचा मृत्यूंवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. पण तमिळनाडूतील दिंडीगुल जिल्ह्यात याच तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ती केली तेव्हा ३१ टक्क्यांनी. एकाच पद्धतीचे तीन ठिकाणी वेगवेगळे परिणाम का आले, हे समजून घेणे हेच मूल्यमापन करणाऱ्याचे खरे काम आहे. तपासणारीचे प्रशिक्षण, फेऱ्यांची संख्या आणि दोष सापडल्यानंतर उपचारांपर्यंत पोहोचलेल्या स्त्रियांचे प्रमाण या गोष्टी निकाल फिरवू शकतात. केंद्राने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी डोळ्यांनी तपासणी करण्याचे धोरण घेतले. त्या वेळी एचपीव्ही चाचणीला लागणारी प्रयोगशाळा आणि तिची किंमत पाहता ते समजण्यासारखे होते, शिवाय डोळ्यांच्या तपासणीचा निकाल तिथल्या तिथे मिळतो आणि बाई दुसऱ्यांदा येईल का, ही चिंता राहत नाही. पण २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली, आणि आता नमुना बाईला स्वतःच घेता येतो. चाचणीची किंमत बदलली, पद्धत बदलली, की जुने गणित पुन्हा मांडावे लागते. प्रत्येक मूल्यमापनावर त्याची तारीख ठळक अक्षरांत असावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

बालाघाट

डॉक्टरसाहेब, मी बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर २२ वर्षे आरोग्यसेविका आहे. क्वालीचे गणित मला आज पहिल्यांदा समजले. पण त्या गणितात आमच्या बायकांचा खर्च कोण धरतो, ते मला विचारायचे आहे.

दसरा-दिवाळी झाली की कोयते गाव सोडतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, हे बाहेरच्यांसाठी सांगते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून अंगावरचे पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटातली कळ, हे सगळे बायका फडातच सोसतात. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा घर, लेकरे आणि पेरणीआधीची कामे एकदम अंगावर पडतात. तपासणीची शिबिरे हिवाळ्यात होतात, कारण तेव्हा साहेबांना फिरायला सोपे असते, आणि नेमके तेव्हा निम्मे गाव रिकामे असते. मग कागदावर इतक्या लोकसंख्येत इतकी तपासणी झाली असे लिहिले जाते. ज्या गणितात बाई नोव्हेंबरमध्ये गावात आहे असे धरलेले असते, ते गणित चुकीचेच निघणार.

आमच्या जिल्ह्याचे नाव २०१९ मध्ये देशभर गेले, ते गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यातल्या कितीतरी बायका माझ्यासमोर पिशवी काढून आल्या आहेत. तिशीतली बाई सांगते की पिशवी काढली म्हणजे दर महिन्याचा खाडा वाचतो आणि कॅन्सरची भीतीही जाते, असे तिला समजावले होते. पुढे दोन वर्षांत कंबर धरते, अंगाची आग होते, झोप उडते, आणि मोळी उचलताना ती बसून घेते. तिला कोणी सांगितले नव्हते की साध्या औषधाने बरा होणारा संसर्ग असू शकतो. शस्त्रक्रियाही तंत्रज्ञानच आहे असे काकांनी लिहिले, तर या शस्त्रक्रियेचे मूल्यमापन व्हायला हवे होते. कुठल्या वयात, कुठल्या कारणासाठी ती करावी, आणि तिच्याआधी काय काय करून पाहावे, हे ठरवून मगच कुणी तिचे पैसे द्यायला हवे होते.

रक्ताचेही सांगते. पूर्वी आम्ही साहलीच्या नळीने हिमोग्लोबिन बघत होतो. नळीत आम्ल घ्यायचे, बोटाला टोचून पिपेटच्या खुणेपर्यंत रक्त ओढायचे, ते आम्लात सोडून दहा मिनिटे थांबायचे, मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या तपकिरी रंगाशी रंग जुळवायचा. खिडकीजवळ नळी धरली तर एक आकडा यायचा, वीज गेलेल्या खोलीत दुसरा. गर्भवतीचे आठ आहे की साडेनऊ, हे माझ्या डोळ्यांवर आणि त्या दिवसाच्या उन्हावर अवलंबून होते. आता डिजिटल यंत्र आहे, पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला की आकडा लगेच दिसतो, आणि मला ते मनापासून आवडते. पण पट्ट्या संपल्या की यंत्र कपाटात जाते आणि मी पुन्हा नळी काढते. काकांच्या यंत्राची आणि माझ्या यंत्राची गत एकच आहे, फक्त माझे हाताच्या तळव्यावर मावते.

पूर्णाकाठ

वरील सर्वांविषयी आदर राखून मी वेगळे मत मांडतो. माझ्या पुतण्याला एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्याचे औषध आयुष्यभर लागते आणि त्याची वर्षाची किंमत ऐकून आमच्या घरात कोणी बोलत नाही. क्वालीच्या हिशेबात असे औषध कधीच बसणार नाही, हे मला गणित न करताही समजते. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात आता ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण ते पैसे संपल्यावर काय, याचे उत्तर आमच्याकडे नाही. सरकार आधीच आरोग्यावर कमी खर्च करते. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करण्याचे उद्दिष्ट होते, त्याची आठवण आता कोणी काढत नाही. अशा सरकारच्या हातात हे शास्त्र दिले, तर नाही म्हणायला एक सुशिक्षित कारण मिळेल, अशी मला खरोखर भीती वाटते.

मांजरा_खोरे

पूर्णाकाठ, तुमची भीती निराधार नाही आणि ती बाजूला सारून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. मूल्यमापनाचा वापर केवळ नकार देण्यासाठी केला, तर ते शास्त्राचे आणि माणसाचेही नुकसान आहे. परंतु आज नकार मिळतच नाही असे नाही. औषध भांडारात नसणे हा नकारच आहे, जालन्याच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जाऊन तारीख मिळणे हाही नकार आहे, फक्त तो कोणी लिहून देत नाही, त्यामुळे त्याविरुद्ध कुठे दाद मागता येत नाही. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा बदल चांगला आहे, तरीही दहा रुपयांपैकी जवळजवळ चार रुपये अजून घरातूनच जातात.

थायलंडची दोन उदाहरणे तुमच्या प्रश्नाशी थेट भिडतात. तिथे एचपीव्ही लस पहिल्यांदा तपासली तेव्हा त्या वेळच्या किमतीला ती परवडणारी नाही असे उत्तर आले. सरकारने लस कायमची नाकारली नाही. परवडणारी किंमत काय असावी याचा आकडा हातात आला, वाटाघाटी झाल्या, आणि २०१७ मध्ये ती राष्ट्रीय लसीकरणात आली. दुसरे उदाहरण गौशे या दुर्मीळ आजारावरील औषधाचे. क्वालीच्या मर्यादेत ते बसत नव्हते, तरी रुग्ण मोजके आहेत आणि औषधाविना त्यांची कुटुंबे देशोधडीला लागतील, हे पाहून थायलंडने ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. म्हणजे क्वालीचा आकडा हा निर्णयातला एक घटक असतो, न्याय आणि कुटुंबावर येणारे संकट हे दुसरे घटक असतात, आणि कोणत्या कारणासाठी आकडा बाजूला ठेवला हे लिहून ठेवावे लागते. तुमच्या पुतण्याच्या बाजूने उभे राहायला अशी लेखी प्रक्रिया उपयोगी पडेल, असे मला वाटते. एक अट मात्र आहे. आपल्याकडे या शिफारशी बंधनकारक नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आणि आयुष्मान भारतचे पॅकेज कोणत्या पुराव्यावर ठरले, हे रुग्णाला मराठीत वाचता आले पाहिजे. केंद्राच्या योजनेचे दर सुधारताना देशभरातील रुग्णालयांच्या प्रत्यक्ष खर्चाच्या अभ्यासाचा आधार घेतला गेला, ही चांगली सुरुवात आहे, पण आपल्या आठ जिल्ह्यांत ते कोणाला माहीत आहे?

सिस्टर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. भारतीय मार्गदर्शक चौकटीत समाजाच्या बाजूनेही खर्च मोजण्याची सोय आहे, म्हणजे बुडालेली मजुरी आणि एसटीचे तिकीट त्यात धरता येते. ती माहिती गावातून गोळा होत नाही, म्हणून अभ्यासकाला अंदाज धरावा लागतो.

दुधना

मी जालन्याहून लिहितो. उस्मानाबादच्या अभ्यासाचा अभिमान मलाही आहे, पण चौथ्या गटातील ६४ स्त्रियांबद्दल कोणी बोलले नाही. त्यांना तपासणी मिळाली नव्हती. या मुद्द्यावर त्या अभ्यासावर जाहीर टीका झालेली आहे. ज्या गावांच्या दुःखातून पुरावा तयार होतो, त्या गावांना त्या पुराव्याचा पहिला लाभ मिळावा, हा नियम या शास्त्रात आहे का?

तेरणाकाठ

दुधना, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. त्या काळात मी भूम तालुक्याच्या बाजूला नोकरीला होतो आणि तपासणीसाठी डोक्यावर पदर घेऊन झाडाखाली बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. शेजारच्या गावातल्या बायका का बसल्या नाहीत, हे तेव्हा मी विचारले नाही. नेहमीची सेवा असे कागदावर लिहिले जाते, पण त्या वेळी आपल्याकडे नेहमीची सेवा म्हणजे या रोगासाठी काहीच नव्हते. त्या चौसष्ट जणींचे ऋण आपल्यावर आहे. तुम्ही विचारलेला नियम संशोधनाच्या नीतिशास्त्रात आहे. ज्या समाजात संशोधन होते त्याला त्याचे फळ मिळाले पाहिजे, असे हेलसिंकीची घोषणा सांगते. तो पाळला गेला का, हे विचारण्याचा पहिला हक्क आपल्या जिल्ह्याचा आहे.

चर्चेतून मला स्वतःपुरते एक काम सापडले आहे. जिल्हा नियोजन समितीकडे जाणाऱ्या यंत्रसामग्रीच्या मागणीपत्राला जोडण्यासाठी मी एक पान तयार करतो आहे. त्यात दर चाचणीमागचा संपूर्ण खर्च, पाच वर्षांचे रिएजंट आणि देखभाल करार यांचे लेखाशीर्ष, यंत्र चालवणाऱ्या माणसाचे मंजूर पद आणि याच पैशांतला दुसरा पर्याय, एवढेच असेल. डॉक्टरसाहेब, मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत मूल्यमापनाचे प्रादेशिक केंद्र आहे, तिथे आपल्या जिल्ह्यांकडून विषय कसा सुचवायचा, ते तुम्ही पाहावे. एचपीव्ही चाचणी मराठवाड्यात आजच्या किमतीला आणि ऊसतोडीच्या वेळापत्रकात कशी बसेल, हा पहिला विषय असावा.

बालाघाट

काका, तुमच्या पानावर एक रकाना माझ्याकडून घाला, बाईचा दिवस. मी येत्या सोमवारपासून उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये समासाच्या जागी लिहायला सुरुवात करते : किती वाजता घरून निघाली, जीपला किती दिले, कुठले काम बुडाले, किती वाजता परत गेली. चैत्रात कोयते परत आले की त्यांचेही लिहीन. डॉक्टरसाहेबांना आकडे कसे मांडून हवेत ते त्यांनी सांगावे, म्हणजे पहिल्या पानापासून तशाच रेघा मारून ठेवते.